मदत हवी आहे: इइजिमा आई (Ai Iijima) यांच्या टीव्ही कार्यक्रमांच्या जुन्या कॅसेट

जपानी टीव्ही कलाकार इइजिमा आई (‘आई’ हे त्यांचं नाव) 2007 मध्ये निवृत्त झाल्या, 2008 मध्ये गेल्या. त्यांच्या नव्वदच्या दशकातल्या रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमांच्या, जपानमध्ये घरी रेकॉर्ड केलेल्या टी-120 व्हीएचएस कॅसेट डिजिटल करायच्या आहेत. बहुतेक तिप्पट मोडमध्ये (टेप एक तृतीयांश वेगाने चालते), म्हणजे एकीवर 6 तास. टेपवरचे चित्राचे पट्टे (ट्रॅक) अरुंद, त्यामुळे दुसऱ्या व्हीसीआरवर पांढऱ्या रेघा नाचतात; ट्रॅकिंग हाताने फिरवूनही जात नाहीत. आधी व्हीसीआर बदलावा की टीबीसी (चित्राच्या ओळींची वेळ सुधारणारं यंत्र) लावावा?

जपानी एनटीएससीत (टीव्ही सिग्नलची पद्धत) काळा रंग 0 आयआरईवर (सिग्नलची पातळी मोजायचं एकक) असतो. कॅप्चर अमेरिकी 7.5 वर राहिलं की काळे केस म्हणजे नुसता डाग, म्हणून ते 0 वर आणलंय. मास्टर (मूळ डिजिटल प्रत) 720×480, इंटरलेस्डच (एकाआड एक ओळींचं). (एआय अपस्केल, म्हणजे एआयने चित्र मोठं करणं, सुचवू नका, चेहरा मेणाचा होतो.)

एका कॅसेटच्या रिळावर पांढरी बुरशी आहे. कॅसेट चालवली तर व्हीसीआरचं हेड (टेप वाचणारा भाग) घाण होऊन बुरशी पुढच्या कॅसेटला लागेल. टेप न ताणता साफ कशी करायची?