टाकीतला दांडगा मासा: बाहेर काढायचा की वळणावर आणायचा?

प्रवाळवेडी
माझं मत आधीच मांडते. खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक मासा दुसऱ्याला जगू देत नसेल, तर मारणाऱ्याला दोन दिवसांत बाहेर काढावं. दगडांची जागा बदलणं, मारणारा प्रतिबिंबाशी भांडत राहावा म्हणून काचेला आरसा लावणं, दिवे बंद ठेवणं, सगळं मी करून पाहिलं. ते करण्यात माझा वेळ गेला आणि तेवढा वेळ दुसरा मासा मार खात राहिला.

टाकी चार फुटी, साधारण साडेतीनशे लिटरची. तीन वर्षांपासून तिच्यात एक यलो टँग आहे, म्हणजे शेवाळ खाणारा पिवळा मासा. गेल्या महिन्यात त्याच कुळातला कोल टँग सोडला. टँगच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक धारदार काटा असतो. या कुळाला सर्जनफिश म्हणतात ते त्यावरूनच. यलो टँग नव्याच्या बाजूला आडवा व्हायचा आणि शेपूट फटकारायचा. तिसऱ्या दिवशी कोलच्या कुशीवर ओरखडे होते. त्याने दगडामागची फट सोडली नाही, खायलाही आला नाही. आठव्या दिवशी अंगावर पांढरे ठिपके उठले, दहाव्या दिवशी तो गेला. रोगाने गेला असं कोणी म्हणेल, पण मला तो माराने गेला असंच वाटतं. घाबरून उपाशी राहिलेल्या माशात रोगाशी झुंजायची ताकद कुठून येणार?

खारा वारा
वाईट वाटलं वाचून. पण निष्कर्षाशी साफ असहमत.

तीन वर्षं ती सगळी टाकी एका माशाची होती. दगडावरचं शेवाळ खरवडून खाणं हा त्याचा दिवसभराचा उद्योग. तुम्ही त्याच आकाराचा, तेच शेवाळ खाणारा दुसरा मासा आणून सोडलात. त्याने जे केलं ते प्रवाळ खडकावरही केलं असतं. फरक एवढाच की तिथे दुसऱ्याला पळून जायला जागा असते. चूक माशांच्या क्रमाची आहे. जो सगळ्यांत हक्क गाजवणारा, तो सगळ्यांत शेवटी टाकीत यावा. दोन टँग ठेवायचेच असतील तर दोघांना एकाच दिवशी सोडावं.

आणि 'बाहेर काढावं' हे लिहायला सोपं आहे. साडेतीनशे लिटरच्या टाकीत निरोगी टँग जाळ्याने पकडून दाखवा. निम्मे दगड उपसावे लागतात, प्रवाळ मोडतात आणि ज्यांचा काही संबंध नाही ते मासेही भेदरतात.

प्रवाळवेडी
क्रम चुकला, मान्य. पण चुकल्यावर काय करायचं, हा माझा प्रश्न आहे. सोडण्याआधी टाकीतच छिद्रांच्या पारदर्शक डब्यात कोलला दोन दिवस ठेवलं होतं. तरी उपयोग झाला नाही.

खारा वारा
दोन दिवस फार कमी. मी किमान पाच ते सात दिवस ठेवतो, आणि दिवसांपेक्षा जुन्या माशाकडे बघतो. पहिल्या दिवशी तो डब्यावर धडका मारतो. मग येरझाऱ्या घालतो. एक दिवस असा येतो की पंख न फुलवता तो डब्याशेजारून निघून जातो. त्या संध्याकाळी दिवे मालवल्यावर नव्याला सोडायचं, त्याआधी जुन्याला पोटभर खायला घालायचं. दुसऱ्या दिवसापासून समुद्री शेवाळाची पानं टाकीच्या दोन टोकांना दोन चिमट्यांत लावायची, म्हणजे एकाला दोन्हीकडे राखण करता येत नाही.

आरसा तुम्ही चुकीच्या वेळी लावला असावा. दिवसभर लावून ठेवला तर मासा त्याला सरावतो. नव्याला सोडल्यावर पहिले काही तास लावा, मग काढा, पुन्हा लावा.

निळी रेघ
चार फुटांत दोन टँग नकोच. डबा, आरसा, क्रम वगैरे नंतर.

जुनं मीठ
दोघांचंही थोडं पटतं, थोडं नाही. माशाची जात कोणती यावर उत्तर बदलतं, आणि इथे दोघेही फक्त टँगबद्दल बोलताय.

मी सुरुवात केली तेव्हा नवीन टाकीत आधी डॅमसेल हे छोटे मासे सोडायची पद्धत होती. डॅमसेल चिवट, कच्च्या पाण्यातही तगतात. मी डोमिनो डॅमसेल आणला होता, नखाएवढा, काळाभोर, अंगावर तीन पांढरे ठिपके. तो वाढत गेला तसा अर्ध्या टाकीत कोणाला फिरकू देईना. मी टाकीत हात घातला तर हाताला चावायचा. दगड तीनदा नव्याने रचले. एका दुपारी पुन्हा हद्द आखून मोकळा. शेवटी काढला. उरलेले मासे चार दिवसांत उघड्यावर पोहू लागले, तेव्हा कळलं की ते वर्षभर लपून जगत होते. ती गोष्ट मला आजही टोचते.

म्हणून डॅमसेल, डॉटीबॅक आणि सहा पट्ट्यांचा रॅस या लहान पण दांडग्या माशांच्या बाबतीत मी प्रवाळवेडींच्या बाजूने आहे. ते निवळतील म्हणून वाट पाहू नये. हल्ली अमोनियाचे थेंब घालून टाकी पिकवता येते, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू माशांशिवाय वाढवता येतात, त्यामुळे डॅमसेलपासून सुरुवात करायचं कारणही उरलेलं नाही.

दुपारची भरती
मासे वाढवले तर मार वाटला जातो, असं सिक्लिड हे गोड्या पाण्यातले भांडखोर मासे पाळणारे करतात. इथे का नाही?

जुनं मीठ
गोड्या पाण्यात पाणी भराभर बदलून निभावतं. इथे मासे वाढले की त्यांच्या घाणीतून होणारं नायट्रेट वाढतं, प्रवाळ आधी कोमेजतात. आणि मार वाटला जाण्याऐवजी सगळ्यांत दुबळ्या माशावरच जास्त पडतो, असा माझा अनुभव.

निळी रेघ
सविस्तर लिहिते, कारण 'मारणारा काढा' हा नियम क्लाउनफिशला लावला तर नुकसान होईल.

क्लाउनफिशमध्ये मोठी आणि वरचढ असते ती मादी. तिच्यानंतर नर, त्याखाली लहान, लिंग न ठरलेली पिल्लं. मादी नराला ढकलते, चावते. नर अंग आडवं करून थरथरतो. नवीन माणसाला वाटतं झटका आला. ती शरणागती असते, आणि ती दिसली की जोडी जमतेय असं समजावं. जीवशास्त्रज्ञ पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या क्लाउनफिशचा अभ्यास करून २००३ मध्ये दाखवलं की खालच्या पायरीवरचा मासा स्वतःची वाढच रोखतो, वरच्याच्या आकाराला पोचत नाही. पोचला तर वरचा त्याला हुसकावून लावण्याचा धोका असतो.

आता तुम्ही मादी दांडगाई करते म्हणून तिला बाहेर काढलंत, तर मागे राहिलेला नर काही काळाने मादी होतो. हा बदल उलट फिरत नाही. मग जुनी मादी परत सोडली की एका टाकीत दोन माद्या, आणि ती मारामारी एक मरेपर्यंत चालू शकते.

खारा वारा
उत्तम. यात एक भर. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोन्राड लोरेन्झ यांचं निरीक्षण होतं की प्रवाळ खडकावरचे भडक रंगाचे मासे मुख्यतः स्वतःच्याच जातीवर तुटून पडतात. ते बरंचसं खरं आहे, पण पुढे इतरांनी पाहिलं की शेवाळाची राखण करणारे डॅमसेल शेवाळ खाणाऱ्या इतर जातींनाही हाकलतात. त्यामुळे मासा निवडताना रंग जुळतो का एवढंच बघू नये, तो काय खातो तेही बघावं. यलो टँग असलेल्या टाकीत तळ उकरणारा गोबी किंवा वरच्या पाण्यात तरंगणारं खाणारे अँथियास त्रासाविना राहतात.

प्रवाळवेडी
क्लाउनफिशचं पटलं, त्यांना माझ्या नियमातून वगळते. पण दोन दिवसांच्या मुदतीवर मी ठाम आहे, फक्त ती कशावरून मोजायची ते बदलते. इतके दिवस मी मारणाऱ्याकडे बघत होते. तो किती वेळा धावला, पंख किती फुलवले. बघायला हवं होतं मार खाणाऱ्याकडे. पाठलाग होऊनही खायला पुढे येत असेल तर थांबायला हरकत नाही. सलग दोन दिवस तोंडात घास गेला नाही, किंवा पंख फाटले, की दोघांपैकी एक त्याच दिवशी वेगळा. तेव्हा दगड रचत बसणं हा त्या माशावर अन्याय आहे, मग कोणी कितीही धीर धरा म्हणो.

खारा वारा, सात दिवसांच्या डब्याचं मी करून बघेन, पण दुसऱ्या टँगसाठी नाही. निळी रेघ म्हणतात ते खरं, माझ्या टाकीत त्याला जागा नव्हती.

आणि दगड न उपसता टँग पकडायचा कसा, हे कोणी नीट सांगेल का?

खारा वारा
सरकत्या दाराचा पारदर्शक सापळा घ्या. चार-पाच दिवस दार उघडं ठेवून टाकीत ठेवा आणि शेवाळाचं पान फक्त सापळ्यात लावा, बाकी कुठे नाही. पहिले दोन दिवस तो आत शिरणार नाही. नंतर शिरतो, खातो, निघून जातो; ते दोनदा होऊ द्या. तिसऱ्यांदा दार बंद करायची दोरी ओढा. पहिल्याच वेळी घाई केली आणि हुकलात, तर पुढे कित्येक दिवस तो सापळ्याच्या जवळ येत नाही.