आयसीयूत अलार्म इतके वाजतात की कुणी बघतच नाही. काय करावं?

प्रश्न (आयसीयू इनचार्ज): १० खाटा. मॉनिटर, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, सतत काहीतरी कोकलत असतं. सिस्टर स्क्रीनकडे न बघताच सायलेन्स दाबतात. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १ (बायोमेडिकल): मॅडम, सिस्टरना बोलून फरक पडणार नाही. दहातले नऊ अलार्म फुकटचे निघाले की दहाव्यालाही हात आपोआप सायलेन्सवर जातो. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने (रुग्णालयांना मान्यता देणारी संस्था) २०१३ साली रुग्णालयांना इशारा दिला, त्यात ८५ ते ९९ टक्के अलार्मवर काहीच करावं लागत नाही, असा अंदाज होता.

आधी तीन दिवस मोजा. मॉनिटरच्या अलार्म हिस्टरीतून खाट आणि अलार्मचं नाव उतरवा, पुढे 'काही करावं लागलं का' हा रकाना. बहुधा एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) सगळ्यात वर येईल. खालची मर्यादा ९० आणि विलंब (अलार्म वाजण्याआधी मॉनिटर किती थांबतो) शून्य असेल तर पेशंटने हात हलवला तरी ठणाणा. डॉक्टरांना विचारून ८८ आणि १५ सेकंद करता येतं. सीओपीडीवाल्याचं (फुप्फुसांचा जुनाट आजार) तर लक्ष्यच ८८ ते ९२ असतं. त्याला ९०वर अलार्म लावला तर दिवसभर वाजणारच! त्याची मर्यादा वेगळी लिहून घ्या.

उत्तर २ (स्टाफ नर्स): सर, सेटिंगच्या आधी ईसीजीचे छातीवर चिकटवलेले इलेक्ट्रोड बघा. ते रोज बदलायचे. जागा साबण-पाण्याने धुऊन कोरडी करायची, खरखरीत गॉजने हलकेच घासायची. स्पिरिट नको, कातडी कोरडी पडते. केस असतील तर क्लिपरने कापा, ब्लेड नको. पाकीट फोडून ट्रेमध्ये ठेवलेल्या इलेक्ट्रोडची जेल सुकते, मग 'लीड ऑफ' (संपर्क तुटल्याचा अलार्म) सुरू.

आणि बीपीचा कफ आणि बोटाचा एसपीओटू प्रोब एकाच हाताला नको. कफ फुगला की बोटातला रक्तप्रवाह थांबतो, सिग्नल जातो. १५ मिनिटांनी बीपी लावलं असेल तर तासाला चार खोटे अलार्म इथूनच.

प्रश्नकर्ती: एएफच्या (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) पेशंटचा 'इरेग्युलर' अलार्म बंद केला तर चालेल?

उत्तर १: एएफ आधीपासून माहीत असेल आणि डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर चालेल. हार्ट रेटची मर्यादा मात्र चालूच हवी. एसिस्टोल (हृदय थांबणं), व्हीटी, व्हीएफ (हृदयाच्या ठोक्यांचे जीवघेणे बिघाड), ॲप्निआ (श्वास थांबणं) यांच्या अलार्मना हात लावायचा नाही. पेशंट बदलला की मॉनिटरवर जुना डिस्चार्ज करून नवीन ॲडमिट करा, नाहीतर आधीच्याच मर्यादा पुढे चालू राहतात.