चर्चमध्ये बसवत नाही, प्रार्थना येत नाही. कुणाचं असं झालंय का?

अंबाजोगाईची
जय ख्रिस्त सगळ्यांना. ह्यांना जाऊन अकरा महिने झाले. लेक पुण्याला, रोज रात्री फोन करतो, पण फोन ठेवला की घर खायला उठतं. रविवारी भक्तीला जाते तर गायन सुरू झालं की डाव्या बाजूला आवाजच नसतो, हे लई मोठ्यानं म्हणायचे, सूर चुकला तरी. आमची चर्चची मंडळी लहान आहे, माणसं चांगली आहेत, पण बाहेर निघालं की जो तो म्हणतो देवाची इच्छा होती, ते चांगल्या जागी आहेत, आणि मला तिथून पळून यावं वाटतं. देवाचा राग येतो, मग राग आला म्हणून भीती वाटते. माझा विश्वास कमी पडायलाय का?

जालन्याची मावशी
बाई, विश्वास नसता तर रागावली कुणावर असतीस? स्तोत्र 88 काढून वाच. विलापाची बाकीची स्तोत्रं बहुतेक शेवटी स्तुतीवर येतात, हे येतच नाही, अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. माझा थोरला गेला तेव्हा मी स्वयंपाकघराचं दार लावून तेच मोठ्यानं वाचायचे. शास्त्रातल्या ईयोबाचं लेकरंबाळं, सगळं गेलं, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले तोवर ठीक होतं, बोलायला लागले आणि बिघडलं. माझ्याकडं एक म्हातारी बाई यायची, बोलायची नाही काही, मेथी निवडून द्यायची, जाताना डोक्यावर हात ठेवायची. मी उभी राहिले ती तिच्यामुळं.

लातूरचा पोरगा
काकू, नीट जेवायलात का? एकटं माणूस कायबी खाऊन झोपतं म्हणून विचारतो. बायबलात 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागतो तर देवदूत त्याला उपदेश करत नाही, भाकर अन् पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून खाऊ घालतो. माझी आजी किल्लारीकडची, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात तिचं घर पडलं, ती सांगायची की पत्र्याच्या शेडमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणताना तिचा आवाज फुटायचा नाही, तवा शेजारची तिच्या वाटची म्हणायची. तुम्हाला येत नसंल तर दुसऱ्याला म्हणू द्या, मंडळी त्याच्यासाठीच असते. पाळकांना स्पष्ट सांगा, घरी या पण समजूत घालू नका. आणि झोपच लागंना, जगू वाटंना असं झालं तर 14416 ला फोन करा, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, त्यात विश्वास कमी पडल्यासारखं काही नाही.

अंबाजोगाईची
मावशी, 88 वाचलं. तीनदा वाचलं. पाळकांच्या मिसेसला फोन करून जसं आहे तसं सांगितलं, त्या बुधवारी आल्या, शेंगा फोडत बसलो दोघी, तासभर तरी कुणी काही बोललं नाही. प्रार्थना करू का विचारलं, म्हटलं तुम्ही करा, मी बसते. रविवारी त्या माझ्या डाव्या बाजूला येऊन बसल्या. गायन मी म्हटलं नाही, पण शेवटपर्यंत बसले.