पन्नाशीच्या आसपास नोकरी गेली, पुन्हा काम कसे मिळाले? अनुभव लिहावेत

गेल्या आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला. तो ज्या विभागात होता तो विभागच कंपनीने बंद केला असून वयाच्या ५२व्या वर्षी त्याला नव्याने नोकरी शोधायची आहे. त्याच्याशी बोलताना माझे ते दिवस आठवले. मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात होतो. कपातीच्या यादीत नाव आल्यावर पैशाची काळजी तर लागलीच, पण मन खचले ते फोन गप्प झाल्यामुळे. पुरवठादार, वाहतूकदार, गोदामातली माणसे यांच्या फोनमुळे मला श्वास घ्यायला फुरसत नसे. तोच फोन दुसऱ्या दिवसापासून वाजेनासा झाला. पुढे काम मिळाले ते एका जुन्या पुरवठादाराकडेच. मी त्यांच्याकडे नोकरी मागितली नव्हती. कोणत्या मालाचा भाव कसा ठरतो आणि कोणता कंत्राटदार शब्द पाळतो हे मला ठाऊक आहे, त्याचा कोणाला उपयोग असेल तर कळवा, एवढेच म्हटले होते. पद खालचे होते आणि पगारही कमी होता, तरीही तो निर्णय योग्यच होता असे मला आजही वाटते. भावाला सांगण्यासारखे आपल्याकडे जे असेल ते कृपया लिहावे.

* * *

दादा, त्यांना पहिल्यांदा हे सांगा की नोकरी गेल्याचे लपवू नका. माझ्या यजमानांची नोकरी गेली तेव्हा नातेवाइकांना कळू द्यायचे नाही असे आम्ही ठरवले होते. कोणाकडे जायचे असले की काय उत्तर द्यायचे ते वाटेतच ठरवावे लागे आणि परत येताना दोघेही गप्प असू. शेवटी एका दूरच्या आतेभावाला त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि त्याच्याच एका परिचिताकडून हिशेब तपासणीचे काम आले. आम्ही तोंड उघडले नसते तर त्याला तरी कसे कळणार होते?

* * *

ताई, आपला अनुभव अपवादात्मक नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतील बहुतेकांना ती बातमी जिवलग मित्राकडून नव्हे, तर अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून मिळाल्याचे दिसले. १९७३ सालच्या त्यांच्या लेखात याचे कारणही आहे: जवळच्या माणसांना साधारणपणे आपल्याला माहीत असते तेच माहीत असते, नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातून. मला स्वतःला ग्रंथालयातले काम मिळाले ते मुलीच्या जुन्या शिक्षिकेमुळे.

* * *

मला दिवसाच्या घडीविषयी लिहायचे आहे, कारण माझे सर्वांत मोठे नुकसान तिथे झाले. ऑस्ट्रियातील मारिएनथाल गावातली कापड गिरणी बंद पडल्यावर १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी तिथल्या बेकार कुटुंबांचा अभ्यास केला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले. पुरुष रस्त्याने अधिक हळू चालू लागले आणि मध्येच थांबू लागले. त्या गटातील मारी याहोदा यांनी पुढे मांडले की नोकरी पगाराबरोबर वेळेची चौकट, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, प्रतिष्ठा आणि सामायिक उद्देशही देते. हे वाचले तेव्हा मला माझ्याच घराचे वर्णन वाचल्यासारखे वाटले. सकाळी अंघोळ लांबत जाई आणि एक अर्ज भरायला संध्याकाळ होई. म्हणून भावाला सांगा, अर्ज सकाळच्या ठरावीक वेळेतच करावेत, आणि आठवड्यातून निदान एक काम असे घ्यावे की जिथे कोणीतरी त्यांची वाट पाहत असेल. मी एका संस्थेत विनावेतन हिशेब लिहू लागलो, आणि तिथूनच माझी गाडी रुळावर आली.

* * *

घाईत आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. अनुभवपत्र, पगारपत्रके आणि कार्यमुक्तीचे पत्र आताच हाती घ्यावे. वर्षभराने मागायला गेल्यास ओळखीचे कोणी उरलेले नसते. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपणार आहे का, हेही विचारून घ्यावे.

* * *

मुलाखतीत वयाने बऱ्याच लहान अधिकाऱ्याने मला विचारले, "तुमचा अनुभव या पदासाठी फार जास्त आहे, तुम्ही टिकाल का?" या प्रश्नामागे दोन भीती असतात: हा माणूस चांगली संधी मिळताच निघून जाईल, किंवा माझे ऐकणार नाही. मी तेव्हा जुन्या पदाचा उल्लेख टाळला आणि हे काम मला का हवे आहे व पुढची काही वर्षे मी काय करू इच्छितो ते सांगितले. नवी संगणक प्रणाली मी वयाने लहान सहकाऱ्याकडून शिकलो होतो, तेही सांगितले. नोकरी मिळाली. मात्र प्रामाणिकपणे लिहितो, वयामुळेच नकार येतात आणि ते उमेदवाराच्या दोषामुळे नसतात, हे भावाला कोणीतरी आवर्जून सांगायला हवे.

* * *

याला जोडून लिहितो. १९९४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नोकरी गेलेल्या व्यावसायिकांपैकी काहींना सलग पाच दिवस रोज वीस मिनिटे, नोकरी जाण्याविषयी मनात जे आहे ते लिहायला सांगितले होते. त्यांना इतरांपेक्षा लवकर काम मिळाले, पण त्यांनी जास्त अर्ज केले म्हणून नव्हे. अभ्यासकांच्या मते मनातला राग आधीच निवळल्यामुळे हे घडले असावे. मी मुलाखतीला जाण्याआधी जुन्या साहेबांविषयीचे सगळे वहीत लिहून काढत असे, आणि मग ते मुलाखतीच्या टेबलावर येत नसे.

* * *

सर्वांचे आभार. सगळे प्रतिसाद भावाला पाठवले आहेत. त्याला सहा महिन्यांचे कंत्राटी काम देऊ केले आहे, पण ते घेतल्यास कायम नोकरीचा शोध मागे पडेल अशी त्याला धास्ती वाटते. कोणी असे काम घेतले आहे का?

* * *

मी घेतले होते. घ्यावे असेच सांगेन. मात्र आठवड्यातला एक दिवस मुलाखतींसाठी मोकळा राहील, हे करारावर सही करण्याआधी लेखी घ्यावे. मला तो दिवस मिळाला, म्हणूनच मुदत संपण्यापूर्वी कायम नोकरी मिळवता आली.