मदत हवी आहे: बारावीचे शेवटचे महिने, अकरावीचा बॅकलॉग. काय सोडू?

शेवटचा_बाक
डिसेंबर लागला. अकरावीचं जवळपास सगळं राहिलंय, बारावी अर्धी झालीय. टेस्टमध्ये ४००च्या पुढे आकडा जाईना गेलाय. जर्नलं अर्धवट. क्लासचे सर म्हणायलेत बोर्ड विसरा, घरचे म्हणायलेत आधी बोर्ड बघ. काय सोडायचं एवढंच सांगा. मोटिव्हेशन नको, त्याचे व्हिडिओ खूप बघून झाले. रात्री दहाच्या आत सांगा, नंतर मोबाईल रेक्टरबाईंकडे जमा होतो.

अविनाश_ठाणे
बोर्ड अजिबात सोडू नकोस. आयआयटी, एनआयटीला बारावीत ७५ टक्के नाहीतर बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. माझ्या मुलाच्या मित्राचा रँक चांगला होता, पण तो इथेच अडकला. शिवाय इंजिनिअरिंगच्या राज्य सीईटीत बारावीचा भाग ८० टक्के आणि अकरावीचा २०च टक्के, निगेटिव्ह मार्किंगही नाही. त्यामुळे अकरावीचं एवढं मनावर घेऊ नकोस.

मधुरा_के
अविनाशजी, तिने इंजिनिअरिंग म्हटलेलं कुठे आहे? जेईई मेन ३०० मार्कांची असते. ४०० म्हणतेय म्हणजे मेडिकलची नीट परीक्षा असणार. बाळा, ग्रुप कुठला, बोर्ड कुठलं, विषयवार मार्क किती, झोपतेस किती? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

दुसरा_अटेम्प्ट
मी याच अवस्थेत होतो. सरळ सांगतो, या वर्षी बोर्ड व्यवस्थित दे आणि मग ड्रॉप घे. मी घेतला. वर्षभर बोर्ड नाही, प्रॅक्टिकल नाही, सकाळपासून फक्त नीट. दुसऱ्या वेळी १४० मार्क वाढले.

सुनीता_पवार
डिसेंबरमध्येच पोरीच्या डोक्यात ड्रॉप घालू नका. एकदा तो शब्द डोक्यात बसला की या वर्षीचा अभ्यास तिथेच थांबतो. माझ्या धाकट्या भावाचं तेच झालं. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत त्याने मार्च, एप्रिल वाया घालवले, आणि पुढचं वर्ष त्याहून जड गेलं.

दुसरा_अटेम्प्ट
ताई, तुमच्या भावाला नाही जमलं म्हणून कुणालाच जमत नाही असं नाही ना.

शेवटचा_बाक
नीटच. लातूरला रूम करून राहिलेय, म्हणजे दुसरं काय असणार. स्टेट बोर्ड. परवाची टेस्ट बायो २५०, केमिस्ट्री ९०, फिजिक्स ६०. झोप पाच तास, कधी साडेचार. फिजिक्सचे ४५ प्रश्न सोडवले, २१ बरोबर, २४ चूक. ड्रॉप नाही घेऊ शकत, खालोखाल बहीण दहावीला आहे. पप्पा रोज रात्री नऊला फोन करतात. टेस्ट कशी गेली विचारतात, मी 'चांगली' म्हणते.

नंदा_काकू
बरं झालं, लातूर निघालं. माझ्या भाचीला पुढच्या वर्षी तिकडे पाठवायचं चाललंय. मेसला महिन्याचे किती घेतात? रात्री भाकरी मिळते की पोळीच?

मधुरा_के
काकू, वेगळा धागा काढा, तिथे सगळे सांगतील. इथे वेळ कमी आहे.

जुना_लातूरकर
आमच्या काळी बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची पोरं झळकायची, तेव्हा लातूर पॅटर्न म्हणजे पुस्तक पाठ आणि रोजचा सराव असायचा. आता क्लासवाले त्याच पोरांना बोर्ड विसरा सांगतात, ह्याचं फार वाईट वाटतं.

अविनाश_ठाणे
२४ चूक म्हणजे २४ मार्क हातचे गेले. येत नसेल तो प्रश्न सोडून दे, अंदाज मारू नकोस. बायोने मिळवलेलं फिजिक्स खातंय.

दुसरा_अटेम्प्ट
हिशोब करा काका. बरोबरला ४, चुकीला वजा १. चार प्रश्न डोळे झाकून मारले आणि एक लागला, तर चार मिळाले, तीन गेले, एक उरला. अंदाजाने सरासरी तोटा होत नाही. तोटा अर्धवट येणाऱ्या गणितात होतो. तीन मिनिटं घालवायची, चुकीचं उत्तर काढायचं आणि नेमकं तेच पर्यायात दिलेलं असतं. ते २४ प्रश्न पुन्हा बघ. किती अंदाजाने गेले आणि किती अर्धवट येण्याने?

खडू_डस्टर
ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. एकच विचारायचंय. अकरावीचं राहिलं म्हणतेस, ते कुठल्या पुस्तकाच्या अकरावीचं? काय काय राहिलंय, नावं लिही.

शेवटचा_बाक
एनसीईआरटीच्या, म्हणजे नीटसाठी वापरतात त्या केंद्राच्या पुस्तकाच्या. क्लासची यादी तशीच असते. फिजिक्समध्ये रोटेशन, फ्लुइड्स, कायनेटिक थिअरी, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन, वेव्ह्ज. केमिस्ट्रीत थर्मो आणि आयोनिक इक्विलिब्रियम. बायोत सगळी ह्युमन फिजिओलॉजी आणि प्लांट फिजिओलॉजी.

खडू_डस्टर
आता बालभारतीचं बारावीचं फिजिक्स उघड आणि अनुक्रमणिका बघ. पहिला धडा रोटेशनल डायनॅमिक्स, दुसरा फ्लुइड्स, तिसरा कायनेटिक थिअरी, चौथा थर्मोडायनॅमिक्स, पाचवा ऑसिलेशन, सहावा वेव्ह्ज. तुझ्या यादीतले सहाही विषय आपल्या बोर्डाला बारावीतच आहेत. केमिस्ट्रीतली दोन्ही प्रकरणंही बारावीच्या पुस्तकात आहेत. बायोत श्वसन-रक्ताभिसरण आणि कंट्रोल अँड कोऑर्डिनेशन बारावीत आहेत. उत्सर्जन, हाडं-स्नायू, प्रकाशसंश्लेषण आणि वनस्पतींचं श्वसन अकरावीत राहतात.

म्हणजे ज्याला तू अकरावीचा डोंगर समजतेस, त्याचा मोठा भाग फेब्रुवारीच्या बोर्डासाठी तसाही करायचाच आहे. क्लासचे सर एनसीईआरटी धरून बोलतात आणि घरचे बालभारती. मध्ये तू दोन्ही याद्या वेगवेगळ्या धरून दुप्पट ओझं उचलतेस. आज दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेव आणि समान धड्यांना पेन्सिलीने गोल कर. गोल केलेला धडा एकदाच करायचा. आधी बोर्डाची थिअरी आणि डेरिव्हेशन, त्याच दिवशी संध्याकाळी त्यावरचे नीटचे ४० प्रश्न.

सोडायचं काय, तेही सांगतो. ग्रीन केमिस्ट्री-नॅनोकेमिस्ट्री नीटला नाही, ते बोर्डाच्या आधी दोन दिवसांत वाच. प्लांट वॉटर रिलेशन आणि मिनरल न्यूट्रिशन २०२४पासून नीटच्या अभ्यासक्रमात नाहीत, ते बोर्डापुरते. आणि बोर्डाच्या पेपरात पर्याय असतो. २ मार्कांचे १२ पैकी ८, ३ मार्कांचे १२ पैकी ८, ४ मार्कांचे ५ पैकी ३. सगळं तोंडपाठ लागत नाही. पण 'बोर्ड विसरा' हे मला अजिबात पटत नाही. मेडिकलला फिजिक्स-केमिस्ट्री-बायो मिळून ओपनला ५० टक्के लागतात, राखीवला ४०, आणि प्रॅक्टिकलचे प्रत्येकी ३० मार्क हे सर्वात सोपे मार्क आहेत. जर्नल पूर्ण कर.

तिसरं_वर्ष_एमबीबीएस
सरांशी सहमत. त्यात एक घालते. नीट दुपारी २ ते ५ असते. साडेचार तास झोपून तू दुपारी पेंगत असणार आणि फिजिक्स नेमकं तिथे मार खातं. मी जानेवारीपासून रोज दुपारी २लाच पेपरला बसायचे आणि रात्री अकराला दिवा बंद करायचे. रूममेट एकपर्यंत वाचत बसायची, मला अपराधी वाटायचं, तरी झोपायचे. आणि पप्पांना खरं सांग गं. मी चार महिने खोटं बोलले होते, त्याचं ओझं अभ्यासापेक्षा जास्त झालं होतं.

अविनाश_ठाणे
दोन पुस्तकांचं हे गणित मला माहीत नव्हतं. सर, इंजिनिअरिंगवाल्यांसाठीही असंच एकदा लिहा.

शेवटचा_बाक (नऊ दिवसांनी)
अनुक्रमणिका शेजारी ठेवल्या, १७ गोल झाले. सर, मी दोन वर्षं ही पुस्तकं वापरतेय, पण कुणी असं शेजारी ठेवून दाखवलं नव्हतं. ते २४ प्रश्न बघितले. सहा अंदाजाने गेलेले, अठरा अर्धवट येणारे, त्यातले अकरा रोटेशन आणि थर्मोचे. ते दोन धडे केले. कालच्या टेस्टला फिजिक्स ८३, बायो थोडं उतरलं, २४२. पप्पांना सांगितलं. ते थोडा वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले, जेवलीस का. रविवारी येतो म्हणालेत.

आता जर्नल. परागकण अंकुरणाची आकृती राहिलीय. सदाफुलीचे परागकण साखरेच्या पाण्यात टाकले, तासभर थांबले, एकही नलिका फुटली नाही. मॅडम म्हणतात पुस्तकातली आकृती बघून काढ. मला खरंच बघायचीय. कुणाला जमलंय?

तिसरं_वर्ष_एमबीबीएस
फूल कधी तोडलंस? सकाळी नुकतं उमललेलं घे, आदल्या दिवशीचं चालत नाही. साखर साधारण १० टक्के, म्हणजे १०० मिली पाण्यात १० ग्रॅम, आणि लॅबमधून चिमूटभर बोरिक ॲसिड मागून घे. स्लाइड वाळू देऊ नकोस, खाली ओला टिपकागद ठेव. अर्ध्या तासाने बघ.