मदत हवी आहे: मॉरिशसबद्दल तिथल्याच लोकांनी लिहिलेलं काय वाचू?

नमस्कार मंडळी, एमएच्या प्रोजेक्टसाठी मॉरिशस घेतलंय, बाहेरचे अभ्यासक या देशाच्या विकासाकडे आणि कारभाराकडे कसं बघतात असा विषय आहे. वाचन बऱ्यापैकी झालंय पण मांडणीत अडकलेय.

१९६१ मध्ये जेम्स मीड या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने (पुढे १९७७ ला नोबेल मिळालेले) लिहिलं की लोकसंख्या भराभर वाढतेय, सगळी भिस्त उसावर आणि त्यात भारतीय वंशाचे आणि क्रिओल (मुख्यतः आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज) यांच्यात नोकऱ्यांसाठी ओढाताण, त्यामुळे इथे शांततेत विकास होणं कठीण. आणि २०११ ला जोसेफ स्टिगलिट्झ हे अमेरिकन अर्थतज्ज्ञ त्याच देशाला चमत्कार म्हणतात, युनिव्हर्सिटीपर्यंत शिक्षण फुकट, हार्टचं ऑपरेशनसुद्धा फुकट, अमेरिकेने यांच्याकडून शिकावं म्हणतात! मधे १९७० चा एक्सपोर्ट झोन (निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती) आला, कपड्यांच्या कारखान्यांत हजारो बायका कामाला लागल्या, १९७५ पासून युरोप साखरेला चढा भाव देत होता, हे सगळं मला पटतं. पण जी सरमिसळ वस्ती मीडना धोका वाटली तीच नंतरच्या कित्येक लेखांत यशाचं कारण होते, म्हणजे एवढे वेगवेगळे लोक म्हणून सगळ्यांना सत्तेत सामावून घ्यावं लागलं, असं. निकाल लागल्यावर कारण शोधल्यासारखं वाटतं मला हे.

आणि खटकतं ते वेगळंच. १९६५ ला चागोस बेटं ब्रिटनने मॉरिशसपासून तोडून घेतली, तिथल्या माणसांना घरदार सोडायला लावलं, त्यातले बरेच मॉरिशसमध्ये गरिबीत राहिले, ते या चमत्काराच्या लेखांत जवळजवळ दिसतच नाहीत. १९९९ ला काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि दंगली पेटल्या, त्याचंही तेच, एखादं वाक्य फार तर.

तिथल्या संसदेच्या निवडणुकीतल्या 'बेस्ट लूझर' पद्धतीचं बघा. ६२ जण निवडून येतात, शिवाय ज्या समाजाला जागा कमी पडल्या त्यातल्या हरलेल्यांना जास्तीत जास्त ८ जागा, पण समाजांचा हिशोब १९७२ च्या जनगणनेवर! घटनेत हिंदू, मुस्लिम, चिनी आणि 'जनरल पॉप्युलेशन' (उरलेले सगळे) एवढेच चार रकाने, म्हणजे तिथले आपले मराठी लोक हिंदूंमध्येच धरले जातात आणि क्रिओल त्या शेवटच्या रकान्यात. कोणी याला समंजस तोडगा म्हणतं, कोणी जातीयवाद पक्का करणारी पद्धत. तिथल्या क्रिओल माणसाला काय वाटतं ते मला हवंय.

तर,
१) मॉरिशसच्याच अभ्यासकांचं इंग्रजीत काही सुचवाल का? फ्रेंच चालेल, डिक्शनरी घेऊन वाचेन.
२) गाईड म्हणतायत एकच थिअरी धर आणि मॉरिशस त्यात बसव. मला कालक्रमाने जायचंय, मीडपासून थेट २०२१ ला व्ही-डेमने (जगभरच्या लोकशाह्या मोजणारी स्वीडनमधली संस्था) घसरत्या लोकशाह्यांत नाव टाकलं आणि २०२४ ला विरोधकांनी ६२ पैकी ६० जागा जिंकल्या तिथपर्यंत. गाईडना हे कसं पटवू?
३) इथे कोणी मॉरिशसचे मराठी आहेत का, किंवा तिथे राहून आलेले? प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, प्रश्न तयार आहेत.