खरं बोलायचं पण टोचून नाही, कसं जमवायचं?

आमच्या चर्चच्या युवक ग्रुपमध्ये एक दादा आहेत, कोणी चुकलं की सगळ्यांसमोर झाडतात आणि वर म्हणतात मी खरं तेच बोलतो. परवा एक नवीन मुलगी प्रार्थना करताना अडखळली तर लगेच "तयारी करून येत जा", तिचा चेहराच पडला. मला त्यांना चांगलंच सुनवावंसं वाटतंय, पण मग माझ्यात नि त्यांच्यात फरक काय? गप्प बसणंही पटत नाही.

प्रतिसाद:
गप्प बसू नका. बायबलमधलं मत्तय 18:15 वाचा, भावाने अपराध केला तर आधी एकट्याला गाठून बोल असं येशूने सांगितलंय. ग्रुपवर मेसेज तर अजिबात टाकू नका.

प्रतिसाद:
खरं असणं एवढंच पुरत नाही हो. इफिस 4:15 मध्ये प्रेमाने सत्य बोला असं आहे आणि 4:29 मध्ये ऐकणाऱ्याची उन्नती होईल, गरजेपुरतं असेल तेच बोला. योहान 8 मधली व्यभिचारात पकडलेली ती स्त्री बघा, येशूने तिला दोषी ठरवलं नाही पण पुन्हा पाप करू नकोस हेही सांगितलंच, म्हणजे गोड बोलणं म्हणजे चूक झाकणं नव्हे.

प्रतिसाद:
दादांचं नंतर बघा, आधी त्या मुलीला फोन करा!! नीतिसूत्रे 12:18 म्हणतं अविचारी बोलणं तलवारीसारखं भोसकतं पण सुज्ञांची जीभ बरं करते. तुझी प्रार्थना मनापासून होती एवढं जरी म्हणालात तरी ती पुढच्या रविवारी येईल.